वीतभर दुमड

गुड फ्रायडेला चार दिवस उरले असताना, सोमवारी सकाळी, मी माझे गाठोडे सोडले आणि आतून माझ्या नवऱ्याचे कफन निघाले. हे वाक्य मी तेव्हापासून मनात पुष्कळदा उलटून पाहिले आहे, कारण त्यात कुठेतरी चूक असलीच पाहिजे असे मला वाटत राहते. एलादियोला जाऊन अकरा वर्षे झाली. जानेवारीतल्या एका दुपारी, गावाकडच्या घरातल्या लांब टेबलावर, मी माझ्या हातांनी त्याला त्याचे कफन चढवले, कमरेची दोरी बांधली, डोक्यावरची टोपी कपाळापर्यंत ओढली, आणि त्याच कफनात तो आमच्या कबरीत उतरला. माझे कफन घरातल्या कपड्यांच्या पेटीच्या तळाशी राहिले. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले, अभ्र्याचे तोंड टाके घालून बंद केलेले. पुढे गावचे घर विकून पेटी सामोरा शहरात माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणली, तेव्हाही ते तसेच आले. दर वसंतात मी चादरी गॅलरीत वाऱ्यावर घालते, तो अभ्रा न उसवता नुसता उन्हात ठेवते आणि पुन्हा तळाशी ठेवून देते. आपले कफन उगाच काढून बघणारी बाई आमच्याकडे उतावळी समजली जाते. त्या सोमवारी मी अभ्रा उसवला. गळपट्टीच्या आत, डाव्या अंगाला, लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यात भरलेली एलादियोची दोन अक्षरे होती. मी त्र्याऐंशी वर्षांची आहे. चष्मा लावलेला होता, आणि खिडकीतून भरपूर ऊन येत होते.

उसवण्याला निमित्त झाला आबिलियो, माझा एकुलता एक मुलगा. वय सत्तावन्न, मुक्काम माद्रिद, बायको होती ती आता नाही. त्याचा फोन नेहमी रविवारी येतो. त्या दिवशी सोमवारी आला, तेव्हाच मला बरे वाटले नव्हते.

"आई, यंदा शुक्रवारी मी गावच्या मिरवणुकीत चालणार आहे."

"चाल की. तपकिरी घोंगडी पांघरून कितीतरी जण चालतात."

"घोंगडीत नाही गं. पांढऱ्यात."

"पांढरं कुठून आणणार?"

"तेच विचारतोय. तुझ्याकडे एखादं जुनं-बिनं..."

"जुनं? आबिलियो, तो काय ओव्हरकोट आहे, उसना मागायला? ज्याचं त्यानं घालायचं आणि एक दिवस त्यातच जायचं. विसरला असशील तर माद्रिदमध्ये विचार कुणाला."

तो हसला. बापाचे हसू आहे त्याचे, सुरू व्हायच्या आधी एक श्वास घेणारे. मग त्याने हळूच विचारले, नदीकाठच्या त्या वृद्धाश्रमाचे पत्रक पाहिलेस का. पाहिले, मी म्हटले. फोटोतल्या सगळ्या बायका एकाच दिशेला बघून हसताहेत, त्या दिशेला काय आहे ते एकदा विचारून घे. आणि फोन ठेवला. तरीही माझा हात पेटीच्या किल्लीकडे गेला. त्याला शिवून द्यायचे मी ठरवले होते असे मुळीच नाही. अलिस्तेच्या आमच्या मुलखात पुरुषाचे कफन त्याची होणारी बायको शिवते; लग्नानंतरच्या पहिल्या गुड फ्रायडेला तो ते घालून मिरवणुकीत चालतो, मग दरवर्षी चालतो, आणि शेवटी ते अंगावरून उतरत नाही. आबिलियोने लग्न माद्रिदच्या नोंदणी कचेरीत केले, आणि त्याच्या बायकोने कफन हा शब्द ऐकून तोंडावर रुमाल धरला होता. तेव्हा तो तसाच राहिला. मला फक्त पाहायचे होते की बाहीचा काप कसा असतो, कापड किती लागते. विसरले आहे का, एवढेच पाहायचे होते.

दोन्ही कफने एकाच ठाणातली. माझ्या वडिलांच्या ओढ्याकाठच्या तुकड्यात जवस पेरला होता. तो उपटला, ओढ्यात कुजवला, बडवला, कातला, आणि माझ्या लग्नाआधीच्या हिवाळ्यात त्याचे कापड झाले. एलादियोचे कफन तो शेहेचाळीस वर्षे घालून चालला आणि मी शेहेचाळीस वेळा ते धुतले. शेवटी शेवटी ते सायीसारखे झाले होते. माझ्या कफनाला कधी पाणी लागले नाही, ते पुठ्ठ्यासारखे ताठ. सोमवारी अभ्र्यात हात घातला तेव्हा बोटांना मऊ लागले. अक्षरे दिसण्याच्या आधी बोटांना कळले होते, हे मी आज कबूल करते. त्या वेळी मी बोटांना गप्प बसवले. वाटले, मीच कधीतरी दोन शिवली असतील. वाटले, एर्मिनियाने, माझ्या नणंदेने, पेटी हलवताना काही उलटापालट केली असेल. किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीला असते आणि आंघोळीलाही निघत नाही, हे आठवूनही मी तो संशय जरा वेळ धरून ठेवला. कारण दुसरा जो संशय होता, तो माझ्यावर होता. आणि मग, काही संबंध नसताना, एलादियोची नडगी आठवली. विळा लागून झालेला, अर्ध्या चंद्रासारखा पांढरा व्रण. मी त्याला करडे लोकरी मोजे घालते आहे, ओढून वर, पोटरीपर्यंत, आणि तो व्रण झाकला जातो. ही आठवण माझ्याजवळ अकरा वर्षे आहे, तिच्यात कधी काही वावगे वाटले नव्हते. पण पायघोळ कफन घातलेल्या माणसाची नडगी दिसावी कशी?

मी बाहेर पडले. सामोरात त्या आठवड्यात घरात बसणेही कठीणच. गल्लीगल्लीतून ढोल, बेकरीतून बडीशेपेच्या तेलबिस्किटांचा वास, चर्चच्या शिखरांवर चोची वाजवणारे करकोचे, आणि सगळीकडे पाहुणे. पुलाजवळ एका जोडप्याने मला कॅथेड्रलचा रस्ता विचारला. मी हात करून नीट सांगितला, दोनदा सांगितला, ती दोघे आभार मानून गेली. दुएरो नदीचे पाणी वितळलेल्या बर्फामुळे तांबूस आणि भरधाव होते, जुन्या पाणचक्क्यांच्या भिंतींना धडकत होते. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आले की मी त्यांना नदीपलीकडे पाठवले आहे. कॅथेड्रल माझ्या पाठीशी होते. गावचे घर असतानाही चाळीस वर्षे या शहरात काढली. त्याचा घुमट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. मी पुलावर थांबून राहिले, ती दोघे परत येतील म्हणून. आली असती तर मी त्यांना काय सांगणार होते कोण जाणे. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अलिस्तेची बस असते. मी पिशवीत ते कफन घातले आणि बस धरली.

त्या वाटेवर मला डोळे मिटून सांगता येते की आता ओकची झाडे संपली, आता दगडी कुंपणे लागली, आता मेणचट पानांची झुडपे येतील आणि त्यांच्या पांढऱ्या फुलांच्या पाकळ्यांवर रक्ताचे थेंब पडल्यासारखे ठिपके असतील. मी डोळे मिटून तसे सांगत गेले आणि मध्येच उघडून पडताळत गेले. तीनदा बरोबर आले, एकदा चुकले. चुकले तिथे त्यांनी नवा रस्ता काढला आहे असे शेजारची बाई म्हणाली. मी तिला विचारले नव्हते. म्हणजे मी मोठ्याने बोलत होते.

एर्मिनिया दारातच भेटली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कमरेत वाकलेली, पण जीभ सरळ.

"वहिनी, आज मंगळवार! की आबिलियोनं घराबाहेर काढली?"

"मला कोण काढणार? भिजत घातलेल्या खाऱ्या माशाचं पाणी बदललंस का?"

"तीनदा बदललं. चौथ्यांदा तू बदल, म्हणजे तुझा जीव थंड होईल."

मी बदलले. हात गार पाण्यात असताना, तिच्याकडे पाठ असताना, मला विचारणे सोपे गेले.

"एर्मिनिया, एलादियोला कफन कुणी घातलं?"

"तूच की."

"तू होतीस?"

"पाय धरायला होते."

"कुठलं घातलं मी?"

चुलीतले लाकूड तडकले. तिने ते चिमट्याने फिरवले, पुन्हा फिरवले.

"अकरा वर्षांनी विचारतेस?"

"विचारतेय."

"तुझं," ती म्हणाली. "तुझं घातलंस. कोरं करकरीत, घड्या तशाच उभ्या. पोटरीच्या खाली येईना. मग तू मोजे मागितलेस, मी माझ्या भावाच्या ट्रंकेतून काढून दिले."

"आणि तू बोलली नाहीस?"

"मी? सगळ्यांनी पाहिलं, वहिनी. पाद्रीबाबांनी पाहिलं. शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या."

"कुणालाच तोंड नव्हतं?"

"तुझ्यापुढं? लग्नाच्या दिवशी तू माझ्या बाबांना सांगितलंस की टेबलं भलत्याच बाजूला मांडलीयत. सासऱ्याला! आणि त्यांनी जेवणं थांबवून ती हलवली."

"ती भलत्याच बाजूला होती. ऊन येत होतं ताटांवर."

"येत असेल. तेव्हापासून या घरात तुला कुणी काही सांगितलंय का, आठव." ती थोडी हसली, मग हसू पुसून म्हणाली, "आम्हाला वाटलं, नवरा गेलाय, गोंधळली बिचारी."

"मी गोंधळत नाही."

"नाही ना? मग मुद्दाम घातलंस?"

 मुद्दाम, हा शब्द मी टेबलावर पडू दिला. ज्या टेबलावर एलादियो होता ते हे नव्हते, ते घरासोबत गेले. तरी मी याच टेबलावर त्याला निजवून पाहिले. हात उचलते आहे. कापड करकरते. हो, करकरते, त्या दुपारचा तो आवाज माझ्या कानात होता आणि मी त्याला इतकी वर्षे थंडीचा आवाज समजत होते. छातीवर मेणबत्तीच्या उजेडात घडीच्या दोन रेघा, आडव्या. हे सगळे माझ्याजवळ होते, आणि त्याच्या शेजारीच, तितकेच लख्ख, ते दुसरेही होते: सायीसारखे मऊ कापड त्याच्या खांद्यावरून ओढताना माझ्या तळहातांना झालेली ओळख. दोन्ही खरे असू शकत नाहीत. मग मला भलत्याच गोष्टींची धास्ती वाटू लागली. आबिलियोच्या लग्नानंतर, ईस्टरच्या जेवणाच्या वेळी, याच घरात, तो म्हणाला होता, मला मेल्यावर जाळा, तुमच्या चिंध्या नकोत मला. ते वाक्य मी एकोणतीस वर्षे जपले आहे. त्याच्या आधारावर किती फोन लवकर ठेवले आहेत. मी ते एर्मिनियाला म्हणून दाखवले.

"तो नाही म्हणाला," ती म्हणाली. "तू म्हणालीस. 'तुला जाळतीलच तिकडे, तुला चिंधी कशाला हवी.' तो बशीकडे बघत बसला होता. गोड पाव तसाच टाकला त्यानं."

"तुझं वय झालंय, एर्मिनिया."

"झालंय की. तुझं व्हायचंय."

गुरुवारी आबिलियो आला. माद्रिदहून थेट गाडीने, मध्ये सामोराला न थांबता. डोक्यावरचे केस आणखी मागे गेलेले. दोन्ही गालांचे मुके घेऊन झाल्यावर त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. डॉक्टर पाहतात तसे. मी ठरवले होते की त्याला यातले एक अक्षरही कळू द्यायचे नाही. बापाला भलतेच कफन घातले, वाटसरूंना नदीपलीकडे धाडले, बसमध्ये स्वतःशी बोलले. एवढ्यावर कोणीही मुलगा त्या वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करील. पण एर्मिनियाने माझ्या पिशवीतून ते कफन आधीच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकले होते. मुद्दाम.

"हे बाबांचं," तो म्हणाला. अक्षरे न पाहता म्हणाला. "खांद्यावर मेणाचा डाग आहे. मी पाडला होता. सात वर्षांचा होतो, मेणबत्ती धरायला दिली होती मला." मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला. "पण बाबा तर..."

"घाल," मी म्हटले.

"आई, हे इथं कसं?"

"घाल म्हणतेय ना. आणि बूट काढ, लहान आहेस का, सगळं सांगायला लागतं ते."

त्याने घातले. एर्मिनियाने तोंडावर हात ठेवला. खांद्यात बरोबर, बाहीत बरोबर, टोपीत कपाळ बापाचे. पण खाली ते घोट्याच्या बरेच वर संपत होते. पुरी एक वीत कमी. एलादियोला ते टाचेपर्यंत येत असे आणि आबिलियो बापापेक्षा उंच नाही. मी गुडघ्यांवर बसले, बसताना दोघांनी धरायला हात पुढे केले ते झटकले, आणि खालची कड बोटांत धरली. दुमड जाड होती. कोणीतरी वीतभर कापड आत दुमडून टाके घातले होते. उलटे, उजवीकडे झुकलेले, दाट टाके, दोरा मेण लावून ओढलेला. मी डावखुरी आहे. या मुलखात अशी शिवण दुसरी कोणी घालत नाही. नणंदा, जावा, शिवणशाळेची बाई, सगळ्यांनी मला त्यावरून बोलून घेतले आहे. आणि वीतभर कापड आत घेतले की ते कफन कुणाच्या उंचीचे होते, हे मला मोजून पाहायची गरज नव्हती.

मी जमिनीवर बसून राहिले. म्हणजे चूक झालेली नव्हती. म्हणजे मी त्याला माझे घातले, हे मला ठाऊक होते. आणि त्याचे मी माझ्या उंचीचे करून घेतले, अभ्र्यात घातले, तोंड शिवले. कधी? दफनानंतरच्या आठवड्यात, त्या रिकाम्या घरात? की त्याच्याही आधी, तो खोकत पडला होता तेव्हा, त्याच्या उशाशी बसून? त्याने पाहिले असेल का? काय शिवतेस, बाल्बिना, असे त्याने विचारले असेल का, आणि मी काही सांगितले असेल का? त्याचे शेहेचाळीस वर्षांचे अंग ज्या कापडात मुरले ते मला माझ्याजवळ हवे होते म्हणून? की मऊ कापड चांगले आणि करकरीत टोचते, म्हणून मी चांगले स्वतःकडे ठेवून घेतले? तशीही बाई मी असू शकते. मी आतल्या त्या बाईला हाका मारल्या, जिने रात्री किंवा दिवसा कधीतरी बसून हे दीडशे टाके घातले. ती आली नाही. टाके मात्र होते, एकसारखे, कुठेही न चुकलेले.

"आई, तुला बरं वाटत नाहीये का?"

"कात्री दे."

मी एकेक टाका कापला. दुमड उघडली तेव्हा आतल्या कडेवर गावच्या मातीची तांबडी रेघ निघाली. शेहेचाळीस धुण्यांनी न गेलेली. कापड आबिलियोच्या टाचांवर पडले.

शुक्रवारी दुपारी ते निघाले. सकाळी एर्मिनियाकडे लसणीचे सूप पिताना मी पाव आबिलियोपुढे सरकवला. चर्चच्या पायऱ्यांवरून पुरुष दोघा-दोघांनी उतरले, पांढरे, पायांत नुसते मोजे, हातात जपमाळ, टोप्या पुढे ओढलेल्या. मागे तपकिरी घोंगड्यांची रांग. शेताच्या कडेने वाट टेकडीवरच्या क्रुसांकडे जाते. गहू घोट्याएवढा होता आणि वारा त्यातून आणि त्या वस्त्रांतून एकाच चालीने जात होता. दरवर्षी मी रांगेतला माझा माणूस बरोबर ओळखत असे, चालीवरून. उजवा पाय जरा ओढत असे तो, विळ्याच्या त्या जखमेपासून. या वेळी मी मोजू लागले आणि सहाव्या जोडीतला डावीकडचा माणूस पाय ओढत होता. आबिलियोच्या पायाला कधीच काही झालेले नाही. मी एर्मिनियाला म्हटले, तो बघ. ती म्हणाली, तो तर सुताराचा जावई, आबिलियो मागे आहे. मागे पाहिले तर मागेही सगळे तसेच. मग गाणे सुरू झाले, तेच दोन ओळींचे, वर न जाणारे, जमिनीलगत सरपटणारे. मला वाटले, त्या रांगेत जे चालताहेत त्यांतले कोण कुठल्या वर्षीचे आहे हे सांगायची जबाबदारी कोणीतरी माझ्यावर टाकली आहे आणि मला ते सांगता येत नाही. आयुष्यात प्रथमच मी कुणाला तरी विचारणार होते. तेवढ्यात एकाने मान वळवली. मिरवणुकीत मान वळवायची नसते. आबिलियोच होता, आई कुठे उभी आहे ते पाहत होता.

"सरळ बघ," मी मोठ्याने म्हणाले. चार बायका हसल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत तो परत आला. खालची कड पुन्हा तांबडी झाली होती. त्याने कफन उतरवून हातांवर धरले, द्यायचे की ठेवायचे हे न कळल्यासारखे.

"आई, दुमड पुन्हा घालून घेशील ना? तुझ्या मापाची?"

मी सुई घेतली. दोरा पहिल्या खेपेला गेला, चष्म्याशिवाय. कड मांडीवर घेतली आणि हात थांबला. कुणाचे माप धरायचे होते ते आठवेना. खरोखरच आठवेना. त्या दोघांची तोंडे माझ्याकडे होती. मग मी कड सोडली आणि गळपट्टी उलटी केली, लाल अक्षरांखाली सुई घातली, आणि पहिली फुली भरली. आबिलियोच्या नावाच्या पहिल्या अक्षराला सात फुल्या लागतात. तिसऱ्या फुलीपर्यंत त्याच्या लक्षात आले. तो चुलीकडे तोंड करून उभा राहिला.

"पाठ वळवून उभा राहू नकोस. खांद्यात घट्ट होतं का, सांग."

"नाही. बरोबर होतं."

"आणि तू गं?" एर्मिनिया म्हणाली. "तू काय घालून जाणार? दुकानातलं, चकचकीत?"

"माझं केव्हाच पुढं गेलंय," मी म्हणाले. "खाली आहे, त्याच्या अंगावर. मला तिथंच जायचंय ना?"

"म्हणजे तू मुद्दामच..."

मी दोरा दातांनी तोडला. ते मला अजून ठाऊक नाही.

"तुम्ही मला फक्त लोकरीचे मोजे घाला," मी म्हटले. "करडे. आणि वरपर्यंत ओढा."